जास्तीच्या पंधरा कुप्या

त्या वर्षी रुग्णालयाला फॅक्टरच्या चारशे बारा कुप्या मिळाल्या होत्या आणि रुग्णालयाने चारशे सत्तावीस रिकाम्या कुप्या परत केल्या होत्या.

मी त्या तीनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजत असताना औषध भांडाराच्या प्रमुख ढेंगळेबाई समोरच्या स्टुलावर हात गुडघ्यावर ठेवून बसल्या होत्या.

"दहा-दहाच्या रांगा लावा, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी तशाच लावते. चुकत नाही."

"चारशे सत्तावीस," मी म्हणाले.

"हो."

"दिल्या चारशे बारा."

"हो."

"मग या पंधरा कुठून आल्या?"

"आल्या," ढेंगळेबाई म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर पाहू लागल्या. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. पाण्याची टाकी होती.

त्या काळी मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत असे. विदर्भातल्या या धर्मादाय रुग्णालयात मला पाठवले होते ते फॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने, तटस्थ तपासनीस म्हणून. हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तात ते गोठवणारे फॅक्टर हे प्रथिन जन्मतःच नसते. अशा माणसाला खरचटल्याचे भय नसते, भय असते ते आत होणाऱ्या रक्तस्रावाचे. गुडघ्यात, कोपरात, कधी डोक्यात रक्त साचत जाते आणि काही तासांत फॅक्टर शिरेवाटे दिला नाही तर सांधा तरी जातो किंवा माणूस तरी. कंपनी धर्मादाय रुग्णालयांना हे औषध बाजारभावाच्या सहाव्या हिश्श्यात देई. या रुग्णालयात असे तेवीस रुग्ण नोंदवलेले होते आणि बाजारभावाने वर्षभर औषध घेऊ शकेल असे त्यांत एकही घर नव्हते.

सवलतीला दोन अटी होत्या. औषध नोंदवलेल्या रुग्णालाच द्यायचे, आणि वापरलेली प्रत्येक कुपी कंपनीकडे परत पाठवायची. भरलेली कुपी बाजारात विकता येते, रिकामी येत नाही, हा त्यामागचा साधा तर्क. ढेंगळेबाईंनी त्या अटीवरून स्वतःचा नियम केला होता: रिकामी आणा, भरलेली न्या. त्या नियमाला त्या इतक्या चिकटून होत्या की एक म्हातारा केवळ रिकामी कुपी घरी विसरला म्हणून बावीस किलोमीटर परत गेल्याची गोष्ट मला शिपायाने आल्याआल्याच सांगितली होती.

मी कुप्या उलटसुलट करून पाहिल्या. सवलतीच्या प्रत्येक कुपीवर जांभळा शिक्का असे: 'धर्मादाय पुरवठा, विक्रीस मनाई'. शिक्क्याच्या कुप्या एका बाजूला काढल्या. त्या तीनशे बावन्न भरल्या. उरलेल्या पंच्याहत्तर कुप्यांवर शिक्का नव्हता. त्या बाजारातल्या होत्या.

"म्हणजे शिक्क्याच्या साठ कुप्या बेपत्ता आहेत," मी म्हणाले. "आणि त्यांच्या जागी बाजारातल्या पंच्याहत्तर रिकाम्या कुप्या आल्या आहेत."

"तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा ना सरळ."

"साठ भरलेल्या कुप्या बाहेर विकल्या गेल्या आणि पेटी भरून दिसावी म्हणून कुठल्यातरी दवाखान्याच्या कचऱ्यातून रिकाम्या गोळा केल्या, असं दिसतं."

ढेंगळेबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पंचावन्नच्या आसपासची, उंच, हाडापेराने मोठी बाई. त्यांचा आवाज मात्र शेवटपर्यंत चढला नाही.

"मॅडम, मी चोरी केली असती तं हिशेब जुळवला असता. साठ गेल्या तं साठ भरल्या असत्या. पंधरा जास्त कोणता चोर भरतो?"

"मोजण्यात चुकणारा."

"मी चुकत नाही म्हटलं ना."

"मग या पंधरा तुम्ही काढून का नाही टाकल्या? चारशे बाराच पाठवायच्या. मी आलेही नसते."

त्यांनी टेबलावरचा कंपनीचा छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. वापरलेल्या सर्व रिकाम्या कुप्या परत कराव्यात, असे तिथे लिहिले होते.

"सर्व म्हणजे सर्व," त्या म्हणाल्या. "ज्या आल्या त्या पाठवल्या."

"कुठून आल्या, तेवढंच विचारते आहे."

"ते मला सांगता येत नाही."

"माहीत नाही, की सांगता येत नाही?"

"मी काय म्हटलं ते तुम्ही ऐकलं," ढेंगळेबाई म्हणाल्या.

मी वहीत लिहिले: 'भांडारप्रमुख माहिती देण्यास नकार देतात.' ते वाक्य आजही बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी मी गावंड्यांच्या घरी गेले. भांडारातल्या नोंदींवरून दिसत होते की बिनशिक्क्याच्या सगळ्या कुप्या एकाच गावातल्या पाच कुटुंबांकडून आल्या होत्या, आणि त्या पाचही कुटुंबांचे औषध गावंड्यांच्या फ्रीजमध्ये राहत असे. वर्गणी काढून घेतलेला जुना, एका दाराचा फ्रीज होता तो. त्याला कुलूप होते आणि किल्ली इंदिराबाई गावंडे यांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात, मण्यांच्या शेजारी. वीज जाई तेव्हा त्या आत बर्फाच्या पिशव्या ठेवत. तपमान लिहिण्यासाठी दारावर एक तक्ता चिकटवला होता आणि तो रोज भरलेला होता. माझ्या महाविद्यालयातल्या फ्रीजवर असा तक्ता नव्हता.

इंदिराबाईंचा मुलगा नामदेव पडवीत शिवणयंत्रावर बसला होता. वय चोवीस. डावा गुडघा वारंवारच्या रक्तस्रावाने कायमचा वाकलेला, म्हणून यंत्राला मोटर बसवलेली होती.

"बसा, मॅडम," तो म्हणाला. "कोंबड्याईनं खुर्ची खराब केली असंन तं पाहून बसा."

इंदिराबाईंनी कुलूप काढून फ्रीज उघडला. आत स्टीलचे सहा डबे होते. पाच डब्यांवर रंगाने कुटुंबांची नावे लिहिली होती. सहाव्यावर काही नव्हते.

"हा कोणाचा?"

"कोनाचा नाई. असाच हाय."

मी तो उघडला. आत दोन भरलेल्या कुप्या होत्या. शिक्का नसलेल्या.

"या कुठून आल्या, इंदिराबाई?"

"मले काय मालूम. बाटली बाटलीसारखी."

पडवीतले यंत्र थांबले.

"ही बाटली बाजारात सहा पट किमतीला मिळते," मी म्हणाले. "तुम्ही विकत घेतली नसणार. रुग्णालयाने दिलेली नाही. मग इथे कशी आली? हे पाहा, मी पोलीस नाही. पण तुम्ही सांगितलं नाही तर मला जे दिसतं तेच लिहावं लागेल, आणि मग ही सवलत बंद होईल. सगळ्यांचीच. नामदेवचीसुद्धा."

"आये," नामदेव आतल्या दिशेने म्हणाला. "सांगू नको म्हनत नाई मी. पन तू शब्द देला हाय."

"तू तुह्यं काम कर," त्या म्हणाल्या. मग फ्रीज लावला, कुलूप घातले, किल्ली पदराखाली सारली आणि बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"मॅडम, तुमाले पोरगी हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "का?"

"मंग राहू द्या."

त्यांनी चहा केला. तो मी घेतला नाही. तपासनीसाने घेऊ नये असा संकेत आहे. वहीत लिहिले: 'प्रश्न टाळण्यासाठी वैयक्तिक विषय काढला.'

अहवाल नऊ पानांचा झाला. निष्कर्ष असा होता की सवलतीच्या साठ कुप्या बाहेर वळवण्यात आल्या असून त्यांच्या जागी अन्य स्रोतांतील रिकाम्या कुप्या भरण्यात आल्या आहेत. जास्तीच्या पंधरा कुप्या ही भरताना झालेली मोजणीची चूक आहे. एका तळटीपेत मी बदली कुप्या आणि बेपत्ता कुप्या यांचे गुणोत्तरही दिले होते: एक पूर्णांक पंचवीस शतांश. अभ्यासू अहवालात गुणोत्तरे शोभून दिसतात. शेवटच्या पानावर एक मर्यादाही नमूद केली होती. बिनशिक्क्याच्या कुप्यांवरील बॅच क्रमांकावरून मूळ विक्रेत्याचा शोध घेणे शक्य आहे, मात्र ते प्रस्तुत तपासणीच्या कक्षेबाहेर आहे.

निघण्यापूर्वी मी ढेंगळेबाईंना निष्कर्ष वाचून दाखवला. तशी पद्धत आहे.

"विकण्यात आल्या असं नाही लिहिलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "वळवण्यात आल्या लिहिलं."

"विकल्याचा पुरावा नाही."

"पण वाचणारा काय समजेल?"

"वाचणाऱ्याची जबाबदारी माझी नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "बस सव्वाचारला आहे. स्टँडवर दहा मिनिटं आधी जा, जागा मिळते."

कंपनीने महिन्याभरात रुग्णालयाची सवलत थांबवली. ढेंगळेबाईंना कामावरून कमी केले. दोन वर्षांनी कंपनीने सगळ्याच धर्मादाय रुग्णालयांची सवलत बंद केली, तेव्हा प्रसिद्धिपत्रकात 'तटस्थ तपासणीत आढळलेल्या गैरप्रकारांचा' उल्लेख होता. माझे नाव नव्हते. ते यायला हवे होते असे मला तेव्हा वाटले, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे.

त्याआधी, सवलत थांबल्यानंतर पाचव्या महिन्यात, मला एक पोस्टकार्ड आले होते. अक्षर ढेंगळेबाईंचे. 'नामदेव गावंडे, वय २४, मेंदूत रक्तस्राव, ता. ११ रोजी गेला. आपल्या माहितीसाठी.' मी ते अहवालाच्या प्रतीसोबत फाइलला लावले.

पुढे अकरा वर्षे हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना शिकवले. पदव्युत्तर वर्गाला पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा हा विषय असे आणि त्यात माझा हा तक्ता ठरलेला असे. दिल्या ४१२, शिक्क्याच्या परत ३५२, बेपत्ता ६०, बदली ७५. रुग्णालयाचे नाव मी अर्थातच सांगत नसे. विद्यार्थी साधारण पंधरा मिनिटांत योग्य उत्तरापर्यंत, म्हणजे माझ्या उत्तरापर्यंत, येत.

अकराव्या वर्षी वर्गात वृषाली डहाके नावाची मुलगी होती. कोरडवाहू शेतकऱ्याची, वऱ्हाडातली. मागच्या बाकावर बसे आणि क्वचित बोले. त्या दिवशी तिने तक्ता उतरवून घेतला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि हात वर केला.

"मॅडम, ही सवाई आहे."

"काय आहे?"

"सवाई. साठाची सवाई पंच्याहत्तर. आमच्याकडे बियाणं असंच देतात. पेरणीला चार पायल्या ज्वारी उसनी नेली तर सुगीला पाच पायल्या परत करायच्या. चारावर एक."

वर्गात हसू पसरले. कुणीतरी म्हणाले, "डहाके, औषध आहे ते. पेरायचं नाही."

"उसनं नेलेलं काहीही असू शकतं," ती म्हणाली. "मला एवढंच म्हणायचंय की चूक असती तर आकडा कुठलाही आला असता. अडुसष्ट आला असता, एक्क्याऐंशी आला असता. बरोबर सव्वा पट कसा आला?"

मी म्हणाले की एका गुणोत्तरावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, तो योगायोग असू शकतो. ती "हो मॅडम" म्हणाली आणि खाली बसली. मी तास पुरा केला. खोलीत परत आल्यावर फाइल काढली आणि जे अकरा वर्षांपूर्वी कक्षेबाहेर होते ते केले. बॅच क्रमांक माझ्याकडे होते. वितरकाकडे जुन्या नोंदी शाबूत होत्या. एक फोन पुरला. पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर कुप्या नागपूरच्या एकाच दुकानातून, वर्षभरात पाच-पाचच्या संख्येने, पूर्ण बाजारभावाने, रोखीने विकल्या गेल्या होत्या.

साठ कुप्या चोरण्यासाठी पंच्याहत्तर कुप्या पूर्ण किमतीने विकत घेणारा चोर मला कल्पनेतही उभा करता येईना.

पुढच्या रविवारी मी त्या गावाला गेले. इंदिराबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखले. पडवीत शिवणयंत्र होते, त्यावर खोळ घातलेली. फ्रीज नव्हता. त्या साठ कुप्या उसन्या कोणी नेल्या होत्या, असे मी विचारले.

"कोनी उसन्या नेल्या, आता सांगाले हरकत नाई," त्या म्हणाल्या. "आता लपवाले काय राह्यलं? साऱ्यायले मालूम झालं."

तालुक्याच्या गावी बियाण्यांचे मोठे दुकान होते. त्या घराचे नाव मी इथे लिहीत नाही. दुकानदाराच्या धाकट्या मुलाला हाच आजार होता आणि थोरल्या मुलीचे लग्न ठरायचे होते. हा आजार आईकडून येतो आणि बहिणीही तो पुढे नेऊ शकतात, हे त्या भागात एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाले होते. भावाचा आजार बाहेर कळला असता तर मुलीला स्थळ मिळाले नसते. म्हणून मुलाचे नाव कुठल्याही रुग्णालयात नव्हते, घरात औषध ठेवले जात नव्हते आणि तालुक्यातल्या औषधांच्या दुकानात त्यांनी ते कधी मागितले नव्हते. मुलाला रक्तस्राव सुरू झाला की नागपूर पाच तासांवर होते. इंदिराबाईंचा फ्रीज वीस मिनिटांवर.

"पयल्या खेपेले भाऊ सोताच आले होते," इंदिराबाई म्हणाल्या. "फटफटीवर. चार बाटल्या नेल्या. म्या म्हटलं, आमाले रिकामी वापस द्या लागते, नाई तं ढेंगळे सिस्टर नवी देत नाई. थे म्हनले, शिक्क्याची बाटली माह्या घरी सापडली तं सारंच सांडलं, म्या जाळून टाकतो. आठ दिवसानं नागपूरहून आनून पाच देल्या. म्या म्हटलं, भाऊ, एक जास्त झाली. तं थे म्हनले, सवाई हाय, वयनी. माह्या बापानं अख्ख्या तालुक्याले बियानं सवाईनं देलं. आज म्या उसनं नेतो तं सवाईनंच वापस करीन."

"आणि ती जास्तीची?"

"थे बिननावाच्या डब्यात. ज्याले लागंल त्याले. आमच्या पाचातल्या ठोंबऱ्याच्या पोट्ट्याले दोनदा थेच कामी आली."

"ढेंगळेबाईंना हे माहीत होतं?"

"सारं मालूम होतं. म्या बाजारातल्या रिकाम्या पयल्यांदा नेल्या तवा सिस्टरनं इचारलं, म्या सांगतलं. थे म्हनल्या, नियमात बसत नाई, पन माह्यासमोर पोट्टं मरू देनार नाई. वापरलेली हरेक बाटली आना मात्र. जास्तीची बी."

"मला का नाही सांगितलंत?"

"म्या इचारलं होतं न तुमाले. पोरगी हाय का म्हून. हाय म्हनल्या असत्या तं सांगतलं असतं."

मग मी विचारले, "त्या मुलीचं लग्न झालं?"

"झालं न. तुमी येऊन गेल्या त्याच उन्हाळ्यात. मोठ्या घरी पडली." त्यांनी पदर नीट केला. "तिले पोरगा झाला. त्याले बी थेच. सासरच्यायनं आनून सोडली. आता बापाच्या दुकानात बसते."

"आणि नामदेव?"

"त्याचं डोकं दुखाले लागलं. सिस्टर म्हनल्या, लवकर फॅक्टर द्या. फ्रीज तं रिकामा. दुकानवाल्या भाऊकडं गेलो, तं आमचा फ्रीज रिकामा झाल्यावर त्यायनं पोराले पुन्याले ठेवलं होतं, घरी एक बी नव्हती. भाऊनं गाडी देली, पैसे देले. माह्यापाशी जोडलेले दोन बाटल्यापुरते होते, त्यायनं बाकीचे देले. पैसे झाले, मॅडम. नागपूरचा रस्ता राह्यला."

चहा आला. तो मी घेतला.

परतल्यावर मी कंपनीला पत्र लिहिले. अहवालातला निष्कर्ष चुकीचा असून तो मागे घेत असल्याचे कळवले आणि विक्रेत्याच्या नोंदींच्या प्रती जोडल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आले. सदर सवलत योजना नऊ वर्षांपूर्वीच बंद झालेली असल्याने दप्तरातील अहवालात दुरुस्ती करण्याचे प्रयोजन राहिलेले नाही. तसेच नोंदणी नसलेल्या व्यक्तीस औषध उसने देणे हाही अटींचा भंगच होय. दुसरे वाक्य खरे आहे. त्याची शिक्षा किती असावी, याविषयी अटींत काही नव्हते.

ढेंगळेबाई त्याच्या चार वर्षे आधी वारल्या होत्या. त्यांच्या भाच्याने एवढेच कळवले.

तक्ता मी अजूनही शिकवते. त्यात एक ओळ वाढवली आहे. वर्षभरात शिक्क्याच्या साठ कुप्या एका घराने उसन्या नेल्या आणि चारास पाच या प्रमाणात पंच्याहत्तर कुप्या विकत आणून परत केल्या. त्या सगळ्या आजारी माणसांसाठी वापरल्या गेल्या आणि त्यांतली प्रत्येक रिकामी कुपी नियमाप्रमाणे रुग्णालयात जमा झाली. चारशे बारा आणि चारशे सत्तावीस यांतला फरक पंधरा. ती सवाई होती.